न झालेल्या सौद्यांची वही

व्यापारी घरात वह्यांना तोटा नसतो. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही, शेताच्या बटाईची वही, लग्नातल्या आहेराची वही. नाचणगावातील एका घरी मात्र आणखी एक वही आहे, आणि तिच्यात घडलेल्या एकाही व्यवहाराची नोंद नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची ही वही जुन्या मोटारींच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या न झालेल्या सौद्यांची आहे. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात त्या वेळी मागितलेली किंमत. चौथा रकाना वेगवेगळ्या शाईने, कधी दहा तर कधी वीस वर्षांनी भरलेला दिसतो. त्यात त्याच वस्तूचा पुढे कानावर आलेला भाव लिहिलेला असतो.

वहीचे मालक आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. घरात, दुकानात आणि गावात सगळे त्यांना दादा म्हणतात. घर नाचणगावात आणि बी-बियाण्यांचे दुकान पुलगावात, असा चाळीस वर्षांचा परिपाठ आहे. ही दोन गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की परक्या माणसाला एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते ते कळत नाही. पुलगाव नागपूर-मुंबई लोहमार्गावर असल्यामुळे मुंबईचा माल येथे फार उशिरा पोहोचतो असे कधी झाले नाही. मुंबईचे भाव मात्र उशिरा पोहोचतात, आणि दादांच्या वहीतील बहुतेक नोंदी या उशिराच्याच आहेत.

दादांच्या वडिलांनी १९७६ साली नागपूरच्या एका डॉक्टरांकडून १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट घेतली. ती अजून घरात आहे आणि चालते. जुन्या गाड्यांचा नाद लागला तो तिच्यामुळे. एका गाडीचे सुटे भाग शोधता शोधता माणूस इतर गाड्यांच्या दारापर्यंत पोहोचतोच.

वही उघडली की पहिली नोंद १९८८ ची दिसते. धामणगावच्या बाजूच्या एका जिनिंगवाल्याची जुनी डॉज, मागितलेले आठ हजार. ती न घेण्याचे कारण वहीत नाही, पण घरात सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी परिग्रहाच्या नियमात वाहनांची मर्यादा दोनवर ठरवली होती, आणि दुसरे वाहन म्हणजे शेतावरची बैलगाडी. तिसऱ्याचा प्रश्नच नव्हता. बैलगाडी विकून डॉज आणावी, असे तरुण दादांनी सुचवून पाहिले होते. बैलगाडी भाकरी देते, डॉज काय देईल, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या नोंदी अधिक बोचऱ्या आहेत. १९९६, फियाटच्या मागच्या दिव्यांच्या चार जोड्या, खोक्यासकट, दोनशे रुपये. २००१, राजदूत ३५०, नऊ हजार. २००४, डुक्कर फियाट, चालू स्थितीत, बारा हजार. महाराष्ट्राने प्रेमाने 'डुक्कर' म्हटलेली ती गोलमटोल गाडी, जिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. या तिसऱ्या नोंदीसमोर चौथ्या रकान्यात साडेतीन लाख लिहिले आहेत आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे.

या गाड्यांची कुळकथा जैन वाचकांना परकी नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी या देशात बनाव्यात असा ध्यास घेतला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साहाय्याने १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाटशी करार पुढे झाला. १९५३ साली वालचंद निवर्तले, म्हणजे रस्तोरस्ती फियाट धावू लागलेली त्यांनी पाहिली नाही. नंतर मॉडेले आली, गेली. १९६४ पासूनची डिलाइट, आणि १९७४ च्या सुमारास नाव बदलून आलेली पद्मिनी. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअर आणि पत्र्याचा सरळ साधा बांधा. पुलगावच्या मिस्त्रीलाही ती उघडून पुन्हा जोडता येई, हे तिचे खरे वैभव.

त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याचा क्रमांक लागे तो गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी वरचे पैसे खिशात टाकून विकू शकत असे. वर्धेच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याच्या स्कूटरची कथा तीच. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असत, आणि मुलगी उपवर व्हायच्या आत स्कूटर मिळावी म्हणून ती शाळेत असतानाच नाव नोंदवणारे बाप जिल्ह्यात होते. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग, हा उलटा बाजार त्या पिढीने रोजच्या व्यवहारात पाहिला आहे. आजच्या संग्राहकांना वाटते तितका तो नवा नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, सकाळी एका किल्लीत सुरू होणारी. फियाट दारात उभी असणे हे ऐश्वर्याऐवजी अडचणीचे लक्षण झाले. २००० सालच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणेच सोडत असल्याचे जाहीर केले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंधरा वर्षे म्हणजे दादांच्या वहीतील सर्वांत दाट पाने आहेत, आणि हा योगायोग नाही. वस्तू स्वस्त होती कारण ती कोणालाच नको होती, आणि कोणालाच नको असलेल्या रांगेत दादांच्या घरचे लोकही उभे होते. खोक्यातले दिवे दोनशेला मिळत असताना ते कोणी घेतले नाहीत, कारण ते दिवे बसवायचे त्या गाड्याच भंगारात चालल्या होत्या.

भंगारात जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना त्या काळची नासाडी कळणार नाही. गाडी आधी चाकांवरून उतरवतात. इंजिनातले ॲल्युमिनियम वेगळे, रेडिएटरमधले पितळ-तांबे वेगळे, बॅटरीतले शिसे वेगळे. उरलेला सांगाडा गॅसच्या ज्योतीने कापून किलोवर विकतात. काच फुटते. दारांच्या मुठी, दिव्यांच्या कड्या, पुढची जाळी यांना धातू म्हणून मोल नाही, म्हणून त्या बाजूला फेकल्या जातात. आज ज्याचा शोध घेत माणसे मुंबईच्या चोरबाजारापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत आणि कोलकात्याच्या मल्लिक बाजारापासून चेन्नईच्या पुदुपेटपर्यंत फिरतात, ते नेमके हेच फेकलेले भाग.

इंजिनाचे भाग तुलनेने सोपे असतात. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट ही झिजणारी वस्तू असल्यामुळे ती कोणी ना कोणी बनवत राहतो, आणि कुशल लेथवाला उरलेले निभावून नेतो. अडते ते झिजत नाही त्या ठिकाणी. दाराची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. तिला फोड आले की ती सांधता येत नाही. बंपरवर तांबे, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवावे लागतात, आणि मधला थर वाचवणारा कारागीर दोन पावसाळ्यांत ओळखू येतो. काचेभोवतीचे रबर तर विदर्भात टिकतच नाही. पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा त्याला दोन-तीन वर्षांत कडक करून चिरा पाडतो. म्हणून वर्ध्याकडच्या गाड्यांचा पत्रा कोकणातल्या गाड्यांपेक्षा चांगला आणि रबर मात्र वाईट, असा एक प्रादेशिक नियमच आहे. मुंबईचे गिऱ्हाईक या बाजूच्या गाड्या हुडकत येते ते पत्र्यासाठी.

भाव चढण्याची कारणे अनेक आहेत. ज्यांचे बालपण फियाटच्या मागच्या बाकावर गेले त्यांच्या हाती आता पैसा आला. मोबाइलवर गाडीचे छायाचित्र टाकले की संध्याकाळपर्यंत बंगळूरहून विचारणा येते, त्यामुळे खेड्यातल्या विक्रेत्यालाही भाव कळतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. 'मूळ स्वरूपात' या दोन शब्दांनी मूळ भागांची किंमत एका रात्रीत वाढवली, असे दादांचे मत आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२२ पासून, पंधरा वर्षांपुढील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. पन्नाशीच्या अलीकडची गाडी सांभाळणे त्यामुळे महाग झाले. त्या धक्क्याने काही गाड्या भंगारात गेल्या आणि उरलेल्यांचा भाव आणखी वर सरकला. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर हळवे लेख छापले, आणि ज्यांना आपल्या कोठ्यात फियाट आहे हेही आठवत नव्हते त्यांना ते आठवले.

भाववाढीची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. भाव वाढला की वस्तू जपली जाते, हे अर्धेच खरे आहे. दिव्यांची जोडी, जाळी, मीटर, मुठी, काचा यांची बेरीज अखंड गाडीच्या किमतीहून जास्त होऊ लागली, तेव्हा काही दलालांनी चालू गाड्या विकत घेऊन सोडवायला सुरुवात केली. पूर्वी गाडी कापली जाई ती तिला मोल नव्हते म्हणून. आता कापली जाते ती तिच्या तुकड्यांना मोल आले म्हणून.

बाहेरच्या जगात हा खेळ फार मोठ्या आकड्यांनी चालतो. फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ च्या आसपास बनली. नवी असताना तिची किंमत अठरा हजार डॉलरच्या घरात होती. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर ती केवळ एक जुनी, गोंगाट करणारी मोटार उरली, आणि काही हजार डॉलरांत हातोहात फिरली. २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात तशी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. साठच्या दशकात ती नाकारणारी माणसे मूर्ख नव्हती. त्यांना घरासमोर रोज सुरू होणारी गाडी हवी होती.

आपल्याकडचे उदाहरण वहीतच आहे. राजदूत ३५० ही जपानी यामाहाच्या नमुन्यावरची मोटारसायकल १९८३ साली आली आणि पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. दूधवाल्याची साधी राजदूत विकली जाई, ही नाही. त्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादनही थांबले. आज चांगल्या अवस्थेतील गाडी लाखांत मागतात. जी विकली गेली नाही म्हणून थोडी बनली, तीच थोडी बनली म्हणून महाग झाली.

दादांचे चिरंजीव पुण्यात सनदी लेखापाल आहेत. गेल्या वर्षी सुटीत आले असताना त्यांनी ती दोनदा अधोरेखित केलेली नोंद वाचली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. २००४ मध्ये बारा हजारांत डुक्कर फियाट घेतली असती, तर वीस वर्षांत तिला पाच बॅटऱ्या लागल्या असत्या. टायरांचे दोन संच. इंजिनाचे एकदा पूर्ण काम. पत्रा आणि रंगाचे एकदा. क्रोमचे एकदा. शिवाय विमा, नोंदणी, ताडपत्री. कंजूषपणे धरूनही अडीच लाखांचा खर्च, आणि हा पैसा मधल्या वर्षांत अडकून पडला त्याचे व्याज सोडूनच दिलेले. साडेतीन लाखांतून हे वजा जाता अठ्ठ्याऐंशी हजार उरतात. उलट, २००४ साली सोने दहा ग्रॅमला सहा हजारांच्या आसपास होते. त्याच बारा हजारांचे वीस ग्रॅम सोने आले असते. २०२४ मध्ये भाव सत्तर हजारांच्या पुढे गेला, म्हणजे एक लाख चाळीस हजारांहून अधिक. त्याला ना गोठा लागला असता, ना मिस्त्री.

"मग चौथा रकाना खोटा आहे, बाबा," चिरंजीव म्हणाले. "त्यात मधली वीस वर्षे धरलेलीच नाहीत."

दादांनी आकडे पुन्हा तपासले. चूक सापडली नाही. "सोन्यात बसून आर्वीला जाता येत नाही," एवढेच ते म्हणाले आणि वही आत ठेवून आले. या उत्तरावर सुनेने हसू दाबले असले तरी ते अगदीच पोकळ नव्हते. हुकलेल्या सौद्याची हळहळ पैशांची असती तर ती कागदावर मिटली असती. ती बहुधा गाडीपेक्षा त्या वयाची असते, ज्या वयात गाडी मागितली गेली होती.

वहीतील सर्वांत अलीकडची नोंद २०२३ ची आहे, आणि तिच्याविषयी घरात अजून दोन मते आहेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, पुलगावच्या मिस्त्रीला आर्वीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून निरोप आला. निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी वारले होते. त्यांची १९६६ ची डिलाइट कडब्याच्या पेंढ्यांमागे कोठ्यात उभी होती. दादा मिस्त्रीसह पाहायला गेले. त्यांना त्या गाडीची ओढ होती ती एका वस्तूसाठी. २०११ मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने त्यांच्या डिलाइटची पुढची जाळी चेपून मोडली होती, आणि तेव्हापासून तिच्या तोंडावर पद्मिनीची जाळी बसवलेली होती. ती विजोड दिसे. बारा वर्षे ते डिलाइटची जाळी शोधत होते. कोठ्यातल्या गाडीची जाळी अखंड होती. दिवे, मुठी, मीटर, सगळे जागच्या जागी. पत्र्याला उंदरांनी नव्हे, फक्त धुळीने हात लावलेला.

गुरुजींच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. "भंगारवाला अठरा हजार म्हणाला, भाऊ. तुम्ही तेवढे द्या अन् घेऊन जा बा. कोठा तरी मोकळा होईल."

अठरा हजार दादांच्या खिशात होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून पाहिले, बंद केले, आणि सांगितले, "वहिनी, ही भंगार नाही. दीड लाखाच्या खाली कोणाला देऊ नका. तेवढे माझ्याजवळ नाहीत. घरातल्या कोणा जाणत्याला बोलवा." मिस्त्रीने मागून त्यांचा सदरा ओढला होता, पण तोवर बोलून झाले होते.

परतीच्या वाटेवर मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग त्याने जो मुद्दा मांडला तो विचार करण्यासारखा आहे. भाव ज्याला ठाऊक, त्याने त्यासाठी वर्षे घालवलेली असतात. डॉक्टर आपल्या ज्ञानाचे पैसे घेतो, वकील घेतो, मग मोटारीची पारख असलेल्याने ती फुकट का वाटावी? संग्राहकांच्या जगात याच न्यायाने चांगले सौदे होतात आणि त्यांच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात. परसातल्या गोठ्यात मिळालेली गाडी, भंगाराच्या भावात. त्या कथांत विकणारे माणूस नंतर कधीच दिसत नाही. गुरुजींच्या पत्नी मात्र दर महिन्याला पुलगावच्या बँकेत पेन्शनसाठी येतात आणि दादांच्या दुकानावरून जातात.

घरी पोहोचल्यावर दादांच्या पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, "अहो, भाव सांगितला ते बरेच केले. पण जाळी तेवढी वेगळी मागून घ्यायची होती." जाळी काढली असती तर गाडीची किंमत पडली असती, हे दादांनी समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, तेही खरेच. पण त्यांना ते पटलेले दिसत नव्हते, आणि अजूनही त्या विषयावर त्या मिस्त्रीच्या बाजूने झुकतात.

दोन महिन्यांनी गुरुजींचा पुतण्या नागपूरहून आला आणि गाडी एक लाख पासष्ट हजारांना गेली. हा भाव दादांना बाजारातून कळला नाही. गुरुजींच्या पत्नी स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या, सोबत घरच्या तुरीची डाळ ठेवून. २०२३ च्या नोंदीसमोरचा चौथा रकाना त्याच दुपारी भरला गेला. वहीत इतक्या लवकर भरलेला दुसरा रकाना नाही.

नागपूरच्या नव्या मालकाने गाडी पूर्ण सोडवून रंगाला दिली आहे आणि जाळी विकायचा त्याचा विचार नाही. दादांची डिलाइट पद्मिनीच्याच तोंडाने पुलगाव स्थानकापर्यंत आणि क्वचित आर्वीपर्यंत जाते. कुर्ल्यातल्या एका दुकानदाराकडे जुन्या साठ्यातली एक जाळी निघाली आहे, कागदात गुंडाळलेली, एका बाजूला किंचित वाकलेली. तो चौदा हजार मागतो. दादांनी नऊ सांगितले आहेत. बोलणे चालू आहे.